अभिनयाची परीक्षा आणि घरची मंडळी

इंग्लंडात वास्तव्य करून असलेल्या एका वाचकभगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. त्यांची चौदा वर्षांची कन्या यंदा अभिनयाच्या श्रेणीबद्ध परीक्षेस बसणार आहे. सासूबाईंस हे नाटकाचे खूळ पसंत नाही. यजमानांस परीक्षा पसंत आहे, परंतु तीत पहिल्या प्रतीचे यश मिळालेच पाहिजे असा त्यांचा हट्ट आहे. मुलगी बिचारी दोघांच्या कात्रीत सापडून आरशासमोर तेच ते उतारे म्हणत बसते. 'या परीक्षेचा उपयोग तो काय, आणि तयारी करावयाचीच तर घरच्यांनी ती कशी करून घ्यावी, याविषयी आपल्या सदरात दोन शब्द लिहावेत,' अशी त्यांची विनंती आहे.

योगायोग असा की, गतवर्षी आम्ही उभयता आमच्या कन्येकडे इंग्लंडात चार महिने राहिलो, तेव्हा आमची नात याच परीक्षेची तयारी करीत होती. त्या तयारीत आम्ही जी लुडबूड केली तिचा वृत्तांत सांगितला, तर पत्राचे उत्तर आपोआप मिळेल असे वाटते. हा वृत्तांत आमच्या प्रतिष्ठेस फारसा पोषक नाही. परंतु पस्तीस वर्षे मुलांच्या चुकांखाली तांबड्या शाईची रेघ ओढणाऱ्याने एकदा तरी ती आपल्या चुकीखाली ओढावी, हे न्यायाचेच होय.

प्रथम परीक्षेचे स्वरूप सांगतो. आपल्याकडे गायनाच्या परीक्षा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या चढलेली एखादी तरी मुलगी आपल्या पुष्कळ घरांत सापडते. इंग्लंडात अशाच पायऱ्या अभिनयासही आहेत. 'लंडन अ‍ॅकॅडमी ऑफ म्यूझिक अँड ड्रॅमॅटिक आर्ट' ही संस्था १८६१ साली स्थापन झाली. तिच्या नावाची आद्याक्षरे जुळवून लोक तीस 'लॅम्डा' म्हणतात. तिच्या अभिनयपरीक्षेच्या आठ श्रेणी असून सहावी, सातवी व आठवी यांस अनुक्रमे कांस्य, रौप्य व सुवर्ण पदकाची श्रेणी अशी नावे आहेत. शंभरापैकी पन्नास गुणांस उत्तीर्ण, पासष्टांस 'मेरिट' आणि ऐंशींस 'डिस्टिंक्शन'. वरच्या तीन श्रेणींचे गुण तेथील विद्यापीठप्रवेशाच्या हिशेबातही धरले जातात. १८७२ साली स्थापन झालेले 'ट्रिनिटी कॉलेज लंडन' हेही अशाच परीक्षा घेते, आणि तिच्या परीक्षांस हिंदुस्थानातील विद्यार्थीही बसतात.

आमच्या नातीची श्रेणी पाचवी. दोन निरनिराळ्या नाटकांतील दोन प्रवेश मुखोद्गत करून एकटीने करून दाखवावयाचे, आणि नंतर परीक्षकाशी त्या प्रवेशांविषयी संभाषण करावयाचे. खोलीत टेबलामागे परीक्षक एकटाच बसलेला असतो. आईबाप व शिक्षक बाहेर. पूर्ण वेषभूषेची अपेक्षा नसते. हालचालीस सोयीचा साधा पोशाख पुरतो. देखावा म्हणून फार तर एखादी खुर्ची. उमेदवाराने नाटकाचे, नाटककाराचे व पात्राचे नाव सांगावे, क्षणभर थांबावे, आणि मग ते पात्र होऊन बोलू लागावे. सगळा कार्यक्रम अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. परंतु त्या अर्ध्या तासात उमेदवारास लपण्यास पडदा नाही, रंग नाही, सोबतीचा नटही नाही.

पत्रलेखिकेच्या सासूबाईंचे समाधान व्हावे म्हणून एवढे सांगून ठेवतो की, अभिनयाची परीक्षा ही साहेबाची नवी टूम नव्हे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी आहे. त्यात 'प्राश्निक', म्हणजे परीक्षक, कोण असावेत हे स्पष्ट सांगितले आहे. यज्ञ जाणणारा, नट, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक असे ते दहा. ज्याने त्याने आपापल्या विषयापुरते मत द्यावयाचे. विस्मरण, पुनरुक्ती, विभक्तीची चूक, मस्तकावरचा मुकुट गळणे, हे सर्व 'घात' म्हणून मोजावयाचे, आणि जो सरस ठरेल त्यास पताका द्यावयाची. नातीस आम्ही हे सांगितले तेव्हा 'दहा परीक्षक?' असे म्हणून तिने कपाळास हात लावला, आणि आपला एकच आहे याबद्दल तीस जरा बरे वाटले.

कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात तर पहिले दोन अंक अशा परीक्षेभोवतीच फिरतात. गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद उपस्थित होतो, आणि परिव्राजिका कौशिकीकडे निर्णयाचे काम येते. ती म्हणते की, हे शास्त्र प्रयोगप्रधान. येथे नुसत्या वादाने काय होणार? आचार्यांनी आपापल्या शिष्येचा प्रयोग दाखवावा. आणि पात्रांनी थोडक्या वेषभूषेनिशी यावे, म्हणजे अंगाचे सौष्ठव नीट दिसेल. लंडनच्या परीक्षकास साधा पोशाख का चालतो, याचे उत्तर आम्हांस तेथे सापडले. या परीक्षेमागे राजाचा अंतस्थ हेतू मालविकेस डोळे भरून पाहण्याचा होता, ही गोष्ट निराळी. परंतु त्या प्रसंगातील एक गोष्ट आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवीत आलो आणि वेळेवर मात्र विसरलो. ती ही की, शिष्या रंगभूमीवर उभी राहते तेव्हा परीक्षा गुरूची असते.

आता आमच्या चुकीकडे वळतो. नातीने निवडलेला पहिला प्रवेश होता शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकातील, चौथ्या अंकातला. वकिलाच्या वेषातील पोर्शिया भर न्यायसभेत दयेची महती सांगते, तो सुप्रसिद्ध उतारा. तो ऐकताच आमच्या अंगी वीरश्री संचारली. शाळेच्या संमेलनात इंग्रजी व संस्कृत उतारे मुलांकडून बसवून घेण्याचे काम पुष्कळ वर्षे आमच्याकडे असे, आणि हा उतारा आम्ही अनेकदा बसविला होता. आम्ही पेन्सिल घेऊन तिच्या प्रतीवर खुणा केल्या. येथे स्वर चढवावा. येथे उजवा हात वर न्यावा. येथे आकाशाकडे दृष्टी. येथे किंचित कंप. रोज सकाळी न्याहारीपूर्वी आम्ही एक ओळ म्हणावी आणि तिने ती आमच्यामागून दोनदा म्हणावी. थोडक्यात, आम्ही तीस संथा दिली.

मुलगी मोठी आज्ञाधारक. पंधरा दिवसांत आमचा चढउतार, आमचा कंप, इतकेच काय पण वाक्याच्या शेवटी घसा साफ करण्याची आमची सवयसुद्धा तिने उचलली. मग घरात कौतुकास ऊत आला. शनिवारी पाहुणे आले की, 'म्हणून दाखव बघू!' पुण्याहून तिच्या मामाचा दूरध्वनी आला की, त्या इवल्याशा पडद्यासमोर पुन्हा तेच. मामी, आत्या, शेजारच्या गुजराती बाई, सर्वांनी वाहवा केली. जावईबापूंनी मनातल्या मनात ऐंशी गुण केव्हाच मांडून टाकले. त्या पंधरा दिवसांत मुलीचे जेवण कमी झाले होते आणि न्याहारीच्या वेळी ती आमच्याकडे पाहीनाशी झाली होती, हे घरात फक्त एका व्यक्तीच्या ध्यानात आले होते. ती व्यक्ती अर्थातच आम्ही नव्हे.

एके दिवशी नात नाट्यवर्गावरून परतली ती सरळ जिना चढून खोलीत गेली. तिच्या शिक्षिकेने उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतला होता आणि एकच प्रश्न केला होता, 'हे तू कोणाला सांगते आहेस?' नातीने उत्तर दिले, 'परीक्षकांना.' त्यावर शिक्षिका काही रागावल्या नाहीत. 'पोर्शिया त्यांना ओळखत नाही,' एवढेच म्हणाल्या. आम्ही समजूत घालण्यास वर गेलो, तेव्हा डोळे पुशीत ती म्हणाली, "आजोबा, मी अगदी तुमच्यासारखंच म्हणते आहे. मग चुकतंय कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. रात्री ते नाटक पुन्हा काढून बसलो. उतारा म्हणून आम्ही तो शेकडो वेळा वाचला होता. प्रवेश म्हणून कितीएक वर्षांत वाचला नव्हता. मित्र बॅसॅनिओकरिता अँटोनिओने शायलॉककडून तीन हजार डुकाट तीन महिन्यांच्या बोलीने घेतले आहेत. मुदत टळली आहे आणि करारान्वये शायलॉक त्याच्या अंगचे शेरभर मांस मागतो आहे. पोर्शिया ही बॅसॅनिओची नवपरिणीत वधू. पुरुषवेषात, विधिपंडित बनून आलेली. नवरा समोर उभा, पण त्याने तीस ओळखलेले नाही. करार खरा असल्याचे अँटोनिओ कबूल करतो. 'तर मग शायलॉकने दया दाखविलीच पाहिजे,' असे ती म्हणते. शायलॉक ताडकन विचारतो की, अशी सक्ती माझ्यावर कोणत्या कायद्याने? आणि तेव्हा ती बोलू लागते. म्हणजे आम्ही ज्यास आजवर व्याख्यान समजत होतो ते व्याख्यान नव्हेच; ते एका माणसाच्या प्रश्नास दिलेले उत्तर आहे. तो माणूस दहा पावलांवर हाती सुरी घेऊन उभा आहे, आणि उत्तर त्यास पटले नाही तर दुसऱ्या एका माणसाचा प्राण जाणार आहे. अशा वेळी आकाशाकडे पाहून हात वर नेण्यास कोणास सुचेल?

खरे पाहता हे आम्हांस भरतमुनींनी कधीच सांगून ठेवले होते. वाचिक अभिनयात त्यांनी स्वराची तीन स्थाने सांगितली आहेत: ऊर, कंठ आणि शिर. दूरच्यास हाक मारावयाची तर स्वर शिरातून, फार लांब नसलेल्याशी बोलावयाचे तर कंठातून, आणि अगदी जवळच्याशी बोलावयाचे तर उरातून. म्हणजे आवाज कोठून यावा हे बोलणाऱ्याच्या गळ्यावर नव्हे, तर ऐकणारा कोठे आहे यावर ठरते. आम्ही मात्र ऐकणाऱ्यास वगळून आवाज तेवढा शिकविला होता. वेदपाठशाळेत गुरूचा स्वर हुबेहूब उचलणे हाच शिष्याचा धर्म, कारण तेथे स्वराचेच रक्षण करावयाचे असते. तो नियम आम्ही नाटकास लावला, येथे सगळे चुकले.

तिचा दुसरा प्रवेश बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलिअन' नाटकातला होता, यास काय म्हणावे! १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' रचली. ती १९७५ साली मराठी रंगभूमीवर आली आणि आजही घरोघरी आठवली जाते. मूळ नाटकाच्या तिसऱ्या अंकात फुले विकणारी एलायझा प्रथमच प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात येते. प्रोफेसर हिगिन्सने घोटून घेतलेले तिचे उच्चार निर्दोष आहेत, आणि त्या निर्दोष उच्चारांत ती आपल्या मावशीस घरच्यांनीच कसे संपविले असावे ते सांगू लागते. उच्चार प्रोफेसराचे, मजकूर गल्लीतला. प्रेक्षक हसतात. आम्हीही आजवर हसत आलो; त्या रात्री मात्र हसू आले नाही. आपल्या घरात हिगिन्स कोण, हे आम्हांस कळून चुकले होते.

यावर उपाय आम्हांस सुचला नाही. तो आमच्या कुटुंबास सुचला. किंबहुना उपाय म्हणून नव्हे, सहज. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात मटार सोलीत बसली होती. नातीस तिने जवळ बसविले आणि म्हणाली, "अगं, पंधरा दिवस ऐकतेय मी ते तुझं. शब्द कळत नाहीत मला. गोष्ट काय आहे ती सांग तरी." नात मराठीत गोष्ट सांगू लागली. मराठी तिचे मोडके, पण गोष्ट सांगण्यापुरते पुरेसे. आम्ही बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून ऐकत होतो.

"मग त्या बाईनं त्याला सांगितलं, दया कर म्हणून."

"का करावी त्यानं? कागद करून दिलाय ना? सही केलीय ना?"

"पण आजी, तो माणूस मरेल ना!"

"ते सही करताना बघायचं. आणि काय गं, ह्या सावकाराला ती मंडळी आधी कशी वागवायची?"

नात गप्प झाली. मग म्हणाली, "त्याच्या अंगावर थुंकायचे."

"अस्सं. म्हणजे थुंकायचं तेव्हा थुंकायचं, आणि गरज लागली की दया मागायची. मी नाही करणार दया. पटवून दे मला."

यानंतरची पाच मिनिटे आम्ही सहसा विसरणार नाही. मुलगी मटारांच्या टोपलीपलीकडे उकिडवी बसून, हात न हलविता, आजीच्या डोळ्यांत पाहून बोलू लागली. प्रथम मराठीत, मराठी अपुरे पडू लागले तेव्हा इंग्रजीत, आणि नकळत शेक्सपिअरच्या शब्दांत. कंप नव्हता. चढउतार होते, पण ते आमचे नव्हते. एके ठिकाणी आजीने मान फिरविली, तशी तिचा आवाज खाली आला आणि शब्द सावकाश झाले, जणू रागावलेल्या माणसाच्या हातास हळूच हात लावावा. पेन्सिलीने केलेल्या आमच्या खुणांपैकी एकीसही ती थांबली नाही. उतारा संपला. आजी म्हणाली, "अजून नाही पटलं. उद्या परत सांग." आणि दोघी हसू लागल्या.

त्या दिवसापासून आम्ही शिक्षकपदाचा राजीनामा दिला. आमच्याकडे दोनच कामे राहिली: घड्याळ लावून वेळ मोजणे, आणि विस्मरण झाल्यास पुढचा शब्द न सांगता 'यानंतर तिला काय म्हणावयाचे आहे?' एवढेच विचारणे. दुसरे काम पहिल्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. शब्द ओठांवर आला असता तो गिळणे हे जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसास जड जाते.

त्या सहा आठवड्यांत जे पदरी पडले ते पत्रलेखिका भगिनीच्या उपयोगासाठी येथे एकत्र करून देतो.

उतारा निवडताना मुलीचे वय व समज पाहावी; आपली हौस पाहू नये. दोन्ही उतारे एकमेकांहून भिन्न प्रकृतीचे असावेत, म्हणजे परीक्षकास तिच्या दोन बाजू दिसतील. एखाद्या विख्यात नटीने चित्रपटात गाजविलेला प्रवेश शक्यतो टाळावा, कारण तेथे त्या नटीची नक्कल आपोआप होते. उतारा कोणताही असो, नाटक समग्र वाचलेच पाहिजे. आमच्या नातीने शायलॉकवर थुंकल्याची हकीकत पहिल्या अंकात वाचली नसती, तर आजीच्या प्रश्नास उत्तर देण्याऐवजी ती नुसतीच गप्प बसली असती.

पहिला आठवडाभर मोठ्याने पाठांतर करूच नये. तो प्रवेश रोज कोणास तरी आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत सांगावा. मी कोण? समोर कोण? मला त्याच्याकडून काय हवे आहे? ते आजच, या क्षणीच का हवे? आणि तो देत नाही तेव्हा मी काय करते? या पाच प्रश्नांची उत्तरे आल्यावाचून शब्दांस हात घालू नये. मग पाठांतर करावे ते विचाराच्या वळणांनी. एका वाक्यामागून दुसरे का येते हे कळले की शब्द सहसा दगा देत नाहीत; चालीवर पाठ केलेले मात्र एक सूर चुकला की पुरते कोसळते.

खोलीत ऐकणाऱ्याची जागा ठरवून टाकावी. शायलॉक येथे उभा आहे, नवरा तेथे. रोज तीच जागा. परीक्षकाच्या डोळ्यांत पाहून त्यासच पात्र करू नये; त्यास लिहावयाचे असते, आणि बोलणारीचेही चित्त विचलित होते. वाक्याच्या शेवटचा शब्द गिळण्याची खोड आपल्या मुलांत फार. खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी आजीस बसवावे आणि शेवटचा शब्द तीस ऐकू आला की नाही एवढेच विचारावे. भीतीने बोलणे घाईचे होते, म्हणून घड्याळाशी सराव करून अंगवळणी पडलेली गती सोडू नये. अभ्यास रोज अर्ध्या तासाहून अधिक नको. आणि पाहुण्यांसमोर म्हणून दाखविणे सर्वस्वी बंद. पाहुण्यांची वाहवा ही मुलीस ऐकणाऱ्याचा विसर पाडून टाळीची सवय लावते.

राहता राहिले परीक्षकाशी संभाषण. याची उत्तरे लिहून पाठ करून घेण्याचा मोह आम्हांस झाला होता हे कबूल करतो. कन्येने आमच्या हातून वही काढून घेतली आणि म्हणाली, "बाबा, आता पुरे." ते योग्यच झाले. परीक्षकास पाहावयाचे असते ते हे की, करून दाखविलेले मुलीस कळले आहे की नाही. ज्यास कळले आहे तो साध्या शब्दांतही सांगतो, आणि जेथे कळलेले नाही तेथे तसे म्हणण्यासही भीत नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघे बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत काय चालले आहे ते ऐकू येत नव्हते. थोड्या वेळाने दार उघडले. नात बाहेर आली, आणि आमच्याकडे न पाहता सरळ आजीपाशी जाऊन म्हणाली, "आजी, त्यांनी तुझाच प्रश्न विचारला! शायलॉकनं का म्हणून ऐकावं, असं." "मग तू काय म्हणालीस?" "म्हटलं, माझ्या आजीला अजून पटलेलं नाही. पण पोर्शियाला पटवायलाच लागतं, कारण ती थांबली तर तो माणूस मरेल." आजीने तिच्या पाठीवरून हात फिरविला. आम्ही खिशातले घड्याळ काढून उगाचच पाहिले.

निकाल आम्ही पुण्यास परतल्यानंतर लागला. शंभरांत अठ्ठ्याहत्तर. जावईबापूंनी दूरध्वनीवर पहिले वाक्य उच्चारले ते 'दोन गुणांनी हुकले' हे. आम्हांसही क्षणभर तसेच वाटले, हे लपवीत नाही. दोन गुण कोठे गेले असतील याचा हिशेब करण्याची खोड आमच्या हाडीमासी भिनली आहे. परंतु मागून नातीचा आवाज ऐकू आला. ती आजीस विचारीत होती की, पुढच्या श्रेणीस कोणती गोष्ट घेऊ? पंधरा दिवस आमच्यासमोर मान खाली घालून न्याहारी करणारी मुलगी आपण होऊन पुढच्या परीक्षेची गोष्ट काढते, तेव्हा त्या दोन गुणांचे दुःख करीत बसणे हा शुद्ध करंटेपणा झाला असता.

'या परीक्षेचा उपयोग काय?' असे भगिनींनी विचारले आहे. प्रमाणपत्राचा उपयोग असेल तो असो. आमच्या मते उपयोग हा की, समोरच्या माणसास काय हवे आहे ते ओळखून, त्याच्याकडे पाहून, त्यास पटेल असे बोलण्याचा अभ्यास मुलीस लहान वयात घडतो. न्यायसभेत, दवाखान्यात, वर्गात आणि सासरच्या माजघरातही तो कामास येतो. नटी होणे न होणे हा पुढचा प्रश्न.

आणि पत्रलेखिका भगिनीस शेवटची एक विनंती. सासूबाईंस नाटकाचे खूळ पसंत नाही असे आपण लिहिता. मुलीस आजच संध्याकाळी त्यांच्याजवळ बसवा, आणि तिच्या उताऱ्याची गोष्ट त्यांस मराठीत सांगावयास लावा. त्यांनी हरकती घेतल्या, आडवे प्रश्न विचारले, 'मला नाही पटत' म्हणाल्या, तर त्यांस अडवू नका. परीक्षेची तयारी तेथूनच सुरू झाली असे समजा.